स्वस्तातला कॉम्बिनेशन गुण्या: अक्षय्य तृतीया ते दिवाळी

कॉम्बिनेशन गुण्या म्हणजे काटकोन आखायचं हत्यार, ज्याचं हेड पट्टीवर हवं तिथे सरकवून नटाने आवळता येतं. आधी निकाल सांगतो: घ्या. फक्त दुकानात काटकोनापेक्षा नट जास्त बारकाईने बघा. काटकोन थोडा चुकलेला असेल तर तो घरी कानशीने सुधारता येतो. नट आणि त्याच्या बोल्टाचा, पट्टीला पकडणारा आकडा (हूक) ढिला निघाला, तर ते हत्यार सरळ भंगारात जातं.

चिपळूणला माझं फर्निचरचं काम चालतं. कपाटं, किचन ट्रॉल्या, अधूनमधून सागवानी देव्हारा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मुंबईला गेलो होतो तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरून हा १२ इंची घेतला, चारशेच्या आतबाहेर. कंपनीचं नाव नाही, हेड जस्ताच्या मिश्रधातूचं, पट्टी स्टेनलेसची. हे हत्यार मुळात ज्याने काढलं त्या लॅरॉय स्टॅरेटचं पेटंट १८७९ चं, आणि त्याची कंपनी १८८० पासून अमेरिकेत ॲथॉल गावी आहे. त्या नावाचा गुण्या आजही हजारांत जातो. मशीनशॉपमध्ये तो खर्च वसूल होतो. प्लायवर पेन्सिलीने रेघ मारणाऱ्याला नाही. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड!

दुकानदाराने पेटीतले चार-पाच काढून समोर टाकले. सगळे एकाच साच्यातले, तरी प्रत्येकाचा हात वेगळा. नट सैल करून पट्टी पुढेमागे सरकवायची, ती कुठेही न अडकता सरकली पाहिजे. मग नट आवळताना पट्टीकडे बघायचं. आवळताना ती तिरकी झाली किंवा सरकली तर तो तुकडा बाजूला ठेवा. आवळल्यावर हेड एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने पट्टीचं टोक हलवा. बारीकसा ‘टक्’ आला तरी नको. शेवटी पट्टी पूर्ण बाहेर काढून परत घाला. बोल्टाचा आकडा पट्टीच्या खाचेत सहज बसला पाहिजे. काहींचा बोल्ट गर्रकन फिरतो आणि आकडा शोधत बसावं लागतं. कामाच्या घाईत हे दर वेळी कोण करणार?

काटकोन तपासायची पद्धत जुनीच. प्लायची कंपनीत कापलेली कड घ्या, आधी ती सरळ आहे ना हे स्टीलपट्टी लावून बघा. तिला हेड टेकवून धारदार पेन्सिलीने रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. रेघा एकावर एक आल्या तर उत्तम. फाकल्या तर टोकाला दिसणारं अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं. म्हणजे ३०० मिमीच्या टोकाला १ मिमी फाक दिसली तर चूक अर्ध्या मिमीची, आणि दोन फुटी शटरवर (कपाटाच्या दारावर) ती जवळपास १ मिमी होते. शेजारच्या शटरची फट बघणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढं पुरतं.

माझ्या गुण्यात केसभर फाक होती. हेडच्या ज्या खाचेत पट्टी बसते, तिच्या तळाला दोन्ही टोकांना दोन उंचवटे असतात, पट्टी त्यांच्यावरच टेकते. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरीचा बारीक तुकडा एका उंचवट्यावर ठेवून नट आवळला आणि परत रेघा मारल्या. फाक कमी झाली, म्हणजे घासायचा तो समोरचा उंचवटा. फाक वाढली असती तर चंदेरीखालचाच. जस्त मऊ असतं, त्यामुळे बारीक कानशीचे दोन हलके हात, फुंकर, परत तपासणी. जोर लावला तर फाक दुसऱ्या बाजूला जाते.

कामात त्याने सगळ्यात जास्त साथ दिली ती बिजागऱ्यांना. ऑटो बिजागरीच्या ३५ मिमी कपाचा (शटरात कोरायच्या गोल खड्ड्याचा) मध्य शटरच्या कडेपासून, बिजागरीप्रमाणे, साडेएकवीस-साडेबावीस मिमीवर येतो. ते माप एकदा लावून नट आवळला की अख्ख्या किचनची शटरं तेवढ्यावर आखून होतात, टेप उघडावी लागत नाही. पट्टीच्या टोकाला पेन्सिल टेकवून हेड कडेने ओढलं की कडेला समांतर रेघ. खाचेची खोलीही पट्टीचं टोक आत सोडून लगेच कळते.

आमच्याकडचे जुने मिस्त्री आधी हसले. “काटकोन म्हणजे काटकोन, त्याला नट कशाला?” त्यांचा लाकडी दांड्याचा गुण्या त्यांच्या हाताला बसलेला. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. सरकणारी वस्तू कधी ना कधी हलणार, म्हणून शेवटची तपासणी मी अजून स्थिर गुण्यानेच करतो आणि मोठ्या खोक्याला कर्ण लावून बघतो. पण बिजागऱ्या आखायच्या असल्या की तेच मिस्त्रीकाका आता माझाच गुण्या मागतात.

तक्रारी आहेत. हेडमधला लेव्हल बघायचा बुडबुडा शोभेचा, त्यावर विश्वास ठेवून कपाट उभं करू नका. आखायची सुई पहिल्या पावसातच गंजली. इंचाच्या बाजूच्या खुणा नुसत्या छापलेल्या, जिथे अंगठा पडतो तिथे सूत (इंचाचा आठवा भाग) आता फिकट झालंय. मिलिमीटरच्या कोरलेल्या, त्या शाबूत आहेत. घेताना नखाने खूण खरवडून बघा. ४५ अंशाची बाजू ठीक, मोल्डिंगच्या पट्टीला चालते, फोटोफ्रेमला तीच वापरायची तर आधी टाकाऊ तुकड्यावर जोडून बघतो.

कोकणातल्या पावसाने पट्टीला काही केलं नाही, पण बोल्ट आणि स्प्रिंगवर तांबूस थर धरला. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो. खोबरेल लावू नका, भुसा चिकटून खाचेत थर बसतो आणि पट्टी तिरकी बसायला लागते.

पहिल्यांदाच घेत असाल तर १२ इंची घ्या. सहा इंची खिशात राहतो, कड आखायला फार सोयीचा, पण शटर आणि फळीला तोकडा पडतो. दुकानदार तीन हेडचा सेट दाखवेल, कोनमापक आणि सेंटर हेडसकट. सेंटर हेड गोल सळीचा मध्य काढायला असतं, ते खरादवाल्याच्या कामाचं. ते पैसे वाचवून एक चांगली स्टीलपट्टी घ्या, वरची काटकोनाची तपासणी तिच्याच जोरावर होते.