घोटा मुरगळला: बर्फ की शेक, क्रेप बँडेज की ब्रेस?

खो-खोत वळताना किंवा टेकडी उतरताना पाऊल आत दुमडतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे, लिगामेंट) ताणतात, कधी फाटतात. अशा वेळी घरात पहिली निघते ती तेलाची बाटली. ती ठेवून द्या आणि आधी हाड तपासा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, टोकापासून 6 सेंमी वरपर्यंत मागच्या कडेला दाबून दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पावलाच्या मध्यावर बाहेर उंचवटा लागतो, तिथे? लंगडतसुद्धा चार पावलं टाकता येत नाहीत? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एक्स-रे काढा.

पहिले दोन-तीन दिवस बर्फच. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. शेकल्याने, चोळल्याने सूज वाढते. बर्फाने अस्थिबंध लवकर जुळत नाही, ठणका मात्र कमी होतो. ओल्या पंचात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, दोन-दोन तासांनी पुरे. थेट लावला तर कातडी भाजल्यासारखी होते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर बर्फही नको, शेकही नको. शेकाची वेळ सूज उतरल्यावर येते, सांधा आखडलेला असतो तेव्हा. आंबेहळदीचा लेप लावायचाच तर गार लावा.

क्रेप बँडेज सुजेसाठी आहे. 10 सेंमी रुंदीचं घ्या, बोटांच्या मुळापासून सुरुवात करून इंग्रजी आठच्या आकारात वर न्या, प्रत्येक वेढ्याने आधीचा निम्मा झाकला पाहिजे. बरेच जण घोट्यापासून गुंडाळतात आणि टाच उघडी सोडतात. मग सूज पावलात उतरते. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच सोडा. रात्री काढून ठेवा.

पण क्रेप काही तासांत सैल पडतं, खेळताना घोटा दुमडण्यापासून वाचवत नाही. त्याला नाडीचा किंवा पट्ट्यांचा ब्रेस, म्हणजे घोटा घट्ट धरून ठेवणारा आधार, लागतो. मोज्यासारखा चढवायचा इलॅस्टिकचा पट्टा नुसता दाब देतो, ब्रेसचं काम करत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त, म्हणून मैदानात परतणाऱ्याने पैसे ब्रेसवरच घालावेत. दुकानात खेळायचे बूट घेऊन जा, नाहीतर ब्रेस घातल्यावर पाय बुटात शिरत नाही.

ब्रेस असला तरी तोल परत शिकवावा लागतो: भिंतीजवळ दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभं राहणं, जमलं की डोळे मिटून. त्याच पायावर न दुखता दहा उड्या मारता येईपर्यंत सामना खेळू नका.