अमाल्फी कोस्टची प्रायव्हेट बोट घ्यावी का? आई-बाबांसकट घेतलेला अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. घ्या. पण पाच-सहा जण असाल तरच घ्या, आणि बोटीचे फोटो बघून बुक करू नका, बोट कोण चालवणारे ते विचारून करा. फोटोत सगळ्याच बोटी चकाचक दिसतात, पांढऱ्या गाद्या, प्रोसेको नावाच्या फसफसत्या इटालियन वाइनची बाटली, टोपी घातलेली एक मुलगी. दिवस चांगला जातो की वाया जातो ते ठरवणारा माणूस स्टिअरिंगवर असतो, आणि त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, दोन पोरं, आणि भारतातून आलेले आई-बाबा. दोघंही सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात आणि मांडव्याच्या लाँचमध्ये सुद्धा तिला मळमळतं, त्यामुळे बोट म्हटल्यावर पहिला प्रश्न "अव्होमिन आणलीय ना?" सप्टेंबरची सुरुवात होती, मुक्काम सोरेंटोला, इटलीत अमाल्फी कोस्टला लागूनच असलेल्या गावात.

आता कुणी म्हणेल एवढे पैसे घालायचे कशाला, रस्ता आहे की. आहे. एस एस १६३ नावाचा तो जगप्रसिद्ध रस्ता, डोंगराच्या पोटातून कोरत नेलेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. सीझनमध्ये तिथे गाड्यांना नंबरप्लेटप्रमाणे सम-विषम लावतात, यावरून गर्दीची कल्पना करा. बसेस आहेत, स्वस्त आहेत, पण उभं राहून वळणं खात जायची तयारी पाहिजे, आई-बाबांना घेऊन ते जमलं नसतं. फेरीबोट पण आहे, सोरेंटोहून पोझितानो, अमाल्फी करत जाते, तिकीट त्यामानाने किरकोळ. दोघं-तिघंच असाल तर सरळ फेरी घ्या, मी प्रायव्हेट बोट घ्या म्हणणार नाही. फक्त फेरी दूरून जाते आणि या गावांच्या मधे कुठे थांबत नाही. आणि खरी मजा मधल्या जागांचीच आहे.

शिवाय हा रस्ता झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी शेकडो वर्षं इथली माणसं बोटीने नाहीतर खेचरावरून ये-जा करायची. अमाल्फी तर एके काळी स्वतंत्र सागरी सत्ता होती, पिसा, जेनोवा, व्हेनिस यांच्या पंक्तीतली. त्यामुळे ही सगळी गावं समुद्राकडे तोंड करून बसलीयत. रस्त्यावरून गावाची पाठ दिसते, पाण्यातून तोंड दिसतं. हे मला तिथे गेल्यावर कळलं, ब्रोशरमध्ये असं कुणी लिहीत नाही.

बुकिंगचं सांगते. आधी एका मोठ्या बुकिंग साइटवर स्वस्तात बोट दिसली म्हणून पैसे भरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बारीक अक्षरात वाचलं की पेट्रोल वेगळं, अमाल्फीला बोट लावायची फी वेगळी, आणि "पूर्ण दिवस" म्हणजे सहा तास. मेल करून विचारलं पेट्रोलचे किती होतील तर उत्तर आलं समुद्रावर अवलंबून आहे. वा! मग हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंना विचारून एका छोट्या घरगुती कंपनीकडे गेलो, वडील-मुलगा मिळून दोन-तीन बोटी चालवतात. आठ तास, पेट्रोल धरून, पाणी-कोल्ड्रिंक-टॉवेल धरून नऊशे युरोच्या जरा खाली पडलं. डोक्यावर भागलं तर दीडशेच्या आत. स्वस्त नाहीच, पण त्याच गावात हजार-दीड हजार सांगणारेही भेटले, ते पण याच साइझच्या बोटीला.

बोट निवडताना स्पीडबोट नको, गोत्सो घ्या. गोत्सो म्हणजे तिथली मच्छीमारांची पारंपरिक बोट, रुंद पोटाची. आता फायबरची बनवतात, वर लाकडी पट्ट्या, पुढे झोपायला गादी, मागे छत. हळू जाते पण डुलते कमी. आईची गोळी कामाला आली की बोट, देव जाणे, पण तिला दिवसभर काही झालं नाही. लायसन्स नसलं तरी चालवता येणारी, ४० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट पण इटलीत भाड्याने मिळते आणि बरेच पर्यटक ती घेतात. नवऱ्याचे डोळे चमकले होते. मी म्हटलं, घरी पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना काय होतं ते आठव.

सकाळी निघायचं मरीना पिक्कोला बंदरावरून. सोरेंटो गाव कड्यावर आणि बंदर खाली, पण वरच्या बागेतून खाली जायला लिफ्ट आहे, थोडे पैसे लागतात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जिने उतरू नका. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, चाळिशीतला, अनवाणी, इंग्लिश मोजकं. आणि इथेच मला कळलं की पैसे कशाचे दिले. बोट धक्क्याला उलटी लावली, मागची बाजू धक्क्याकडे, दोर ओढून एवढी जवळ आणली की मधे वीतभर पाणी राहिलं, मग लाकडी फळी टाकली. आई फळी बघून थिजली. तो काही बोलला नाही, "कमॉन कमॉन" नाही की हात धरून ओढणं नाही. एक पाय फळीवर आणि एक बोटीत ठेवून उभा राहिला, स्वतःचा दंड पुढे केला, आणि मागून एका फेरीची लाट येत होती ती जाईपर्यंत थांबला. लाट गेली, बोट शांत झाली, मग म्हणाला "सिन्योरा, नाऊ." आई चढली सुद्धा. बाबा म्हणाले, याला कळतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने आमचा प्लॅन पार उलटा केला. आम्हाला वाटलेलं थांबत थांबत जायचं आणि शेवटी अमाल्फी. तो म्हणाला नाही, दुपारनंतर वारा सुटतो आणि येताना समोरून लाटा लागतात, त्यामुळे सकाळी शांत पाण्यात लांब पल्ला मारून घेऊ आणि मग थांबत थांबत घराकडे येऊ. दुपारी तीननंतर खरंच पाणी खवळायला लागलं तेव्हा आम्ही घरापासून जवळ होतो, आणि आमच्या उलट क्रमाने फिरून लांबून परतणाऱ्या एका बोटीतले लोक चिंब झालेले दिसले.

पुंता काम्पानेल्लाचं टोक वळलं की नेपल्सचा आखात मागे पडतो, उजवीकडे काप्री बेट एवढं जवळ दिसतं की पोरं म्हणाली तिकडेच जाऊ. माझं स्पष्ट मत, एका दिवसात काप्री आणि अमाल्फी दोन्ही करू नका, विकणारे विकतात तसं पॅकेज. काप्रीच्या ब्लू ग्रोटो या निळ्या पाण्याच्या गुहेत तुमची प्रायव्हेट बोट आत जातच नाही, बाहेर रांगेत थांबायचं, छोट्या वल्ह्याच्या होडीत बदलायचं, आडवं झोपून भोकातून आत जायचं, पाचेक मिनिटांत बाहेर, तिकीट वेगळं. समुद्र जरा उसळला की ते पण बंद.

हा टोकाकडचा भाग १९९७ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. वेतारा नावाच्या खडकाजवळ जायचंच नाही, आणि इएरांतोच्या खाडीत इंजिनाच्या बोटींना मनाई. स्किपरने लांबूनच दाखवलं, तिथे पूर्वी स्टीलच्या कारखान्यासाठी चुनखडीची खाण होती, आता काय सुंदर निळं पाणी. नवरा म्हणाला थोडं आत घे ना, कुणी बघत नाहीये. स्किपरने नुसती मान हलवली. ही पण चांगल्या स्किपरची खूण समजा.

किनाऱ्यावर दर थोड्या अंतराने दगडी बुरूज दिसतात. सोळाव्या शतकात समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंवर नजर ठेवायला बांधलेले, १५५८ मध्ये तुर्की आरमाराने सोरेंटो लुटलं होतं. बाबांना जंजिरा, सिंधुदुर्ग सगळे आठवले आणि पुढची वीस मिनिटं पोरांना आंग्र्यांच्या आरमाराचं लेक्चर झालं. आता त्यातल्या काही बुरुजांमध्ये लोक राहतात, हॉटेलं पण आहेत.

अमाल्फीत तासभर मिळाला, तो कमी आहे. कॅथेड्रलच्या पायऱ्या, एक जिलातो, झालं. खरं सांगायचं तर गाव बघायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा, बोटीच्या दिवसात उतरण्यात वेळ घालवू नका. परतीला कोंका देइ मारिनीजवळ पाचूची गुहा, ग्रोत्ता देल्लो स्मेराल्दो, १९३२ मध्ये एका मच्छीमाराला सापडली. तिकीट वेगळं, होडीतून आत, पाणी खालून हिरवं उजळतं. पाण्याखाली येशूजन्माचा सिरॅमिकचा देखावा ठेवलाय, तो मला काही झेपला नाही. आईला मात्र तोच सगळ्यात आवडला.

फुरोरेची खाच मात्र बोटीतूनच बघण्यासारखी. दोन उभ्या कड्यांमधली चिंचोळी फट, आत चिमुकली पुळण, वर कमानीचा पूल, त्याच पुलावरून उड्या मारायच्या स्पर्धा झाल्यायत. इंजिन बंद करून दहा मिनिटं नुसते तरंगत राहिलो. पोझितानो पण समोरून बघितलं, उतरलो नाही, मरियमच्या चर्चचा तो हिरवा-पिवळा टाइल्सचा घुमट आणि वर रचलेली घरं, फोटो इथूनच येतो. पुढे ली गाल्ली बेटं, ग्रीक कथेतल्या गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन इथल्याच म्हणतात. रशियन नर्तक रुडॉल्फ नुरेयेवने ती १९८०च्या दशकाच्या शेवटी विकत घेतली होती, अजूनही खाजगी आहेत, उतरता येत नाही, पण बाजूला पोहता येतं. पोरं तासभर पाण्यातून बाहेर येईनात. बाबांनी लाइफ जॅकेट घालून शिडीवरून पाय पाण्यात सोडले आणि तिथेच बसून राहिले.

इथे स्किपरने सोरेंटोची लिंबं कापली, जाड सालीची, मधला पांढरा भाग पण खायचा, साखर भुरभुरवून दिली. बाबांनी खिशातून चाट मसाल्याची पुडी काढली. त्याने चाखलं, थोडा विचार केला, आणि पुडी परत केली नाही.

जेवण नेरानोला, मरीना देल कांतोनेच्या किनाऱ्यावर. हॉटेलवाल्यांची छोटी होडी येऊन आपल्याला बोटीतून घेऊन जाते. शाकाहारी लोकहो, लक्ष द्या, इथली खासियत स्पागेत्ती आल्ला नेरानो, तळलेली झुकिनी आणि तिथलंच प्रोव्होलोने देल मोनाको चीज. १९५०च्या दशकात इथल्याच मारिया ग्राझिया नावाच्या हॉटेलात जन्मलेली म्हणतात. मासे-मटणाशिवाय एवढं चविष्ट काही मिळेल असं वाटलं नव्हतं. या चीजमध्ये मात्र रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला प्राण्यांच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतो, तो चालत नसेल तर हे खाऊ नका. बाबांनी मिरची मागवून घेतली ते वेगळं. बिल दणदणीत येतं, बोटीने आलेल्या लोकांचीच हॉटेलं ती. बजेट ताणलेलं असेल तर सोरेंटोतून सँडविच बांधून न्या, स्किपर नाही म्हणत नाही.

आता तक्रारी. बोटीवर टॉयलेट आहे असं सांगितलं होतं, ते गादीखालच्या झडपेतून वाकून उतरायचं एक खोपटं निघालं. गुडघेदुखीवाल्याला अशक्य. आईने सकाळपासून पाणीच कमी प्यायलं आणि संध्याकाळी डोकं धरलं. तुमच्याबरोबर वयस्क माणूस असेल तर टॉयलेटचा फोटो मागवा, लाजू नका. छत पण फक्त मागच्या निम्म्या भागावर, पोरांच्या पाठी भाजून निघाल्या. प्रोसेको आमच्यात कुणी घेत नाही, त्याबदल्यात दोन कोक जास्त द्या म्हटलं तर ते त्याला पटेना, बाटली शेवटी हातात दिलीच. आणि टिप द्यायची नसते असं नेटवर वाचून गेलो होतो, धक्क्यावर मात्र सगळेच देताना दिसले. आम्ही पण दिली, मनापासून.

समुद्र खराब असेल तर ट्रिप रद्द होते, आमच्याकडे पैसे परत किंवा दुसरा दिवस असा नियम होता. तो लेखी घ्या, आणि बोट सुट्टीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका, म्हणजे रद्द झाली तर हाताशी दिवस राहील. सकाळी नऊच्या आधी निघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, अकराला सगळ्या बोटी एकदम बाहेर पडतात आणि त्यांच्याच लाटा लागतात. वयस्कांना मागे स्किपरजवळ बसवा, पुढच्या गादीवर धक्के बसतात. आणि सोरेंटोहून जाताना किनारा पूर्णवेळ डावीकडे असतो, तिथली जागा आधी धरा, येताना उजवीकडे सरका.