जाहिरातीचा पैसा की कॉलेजचा वाटा?

अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना कमाईचे आता दोन रस्ते आहेत. २०२१ पासून स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरात करता येते, पैसे कंपनी देते. जुलै २०२५ पासून कॉलेजही खेळांच्या कमाईतला वाटा थेट देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

जाहिरातींवर लिव्ही डनसारखी जिम्नॅस्ट (अमेरिकन) फुटबॉलवाल्यांच्या तोडीस तोड कमावून गेली. कॉलेजच्या पैशात मात्र सिंहाचा वाटा फुटबॉलचाच, टीव्हीचा पैसा तोच आणतो ना! त्याच पैशापायी २०२४ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठानं ‘पॅक-१२’ ही कॉलेज लीग सोडून ‘बिग टेन’ ही दुसरी लीग गाठली. आता लॉस एंजेलिसची पोरं पार पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाशी लीगचे सामने खेळतात. व्हॉलीबॉलवाल्यांच्या नशिबी प्रवास तोच, वाटा चिमूटभर. त्यांनी सरळ जाहिरातीच शोधाव्यात.