यीस्टमध्ये डीएनए घालण्याची लिथियम ॲसिटेट पद्धत: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेकरीच्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, बाहेरचा डीएनए घालायला गेले काही महिने मी हीच पद्धत सतत वापरतेय. साधं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं, गोल वर्तुळ) घालायचं असो की एखादं जनुक काढून टाकायचं असो, मला आता दुसरी पद्धत शोधावीशी वाटत नाही.

१९७८ साली हिनन, हिक्स आणि फिंक यांनी यीस्टचं ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे पेशीत बाहेरचा डीएनए घातला, तेव्हा एन्झाइमने पेशीभित्तिका काढावी लागली होती. पुढे १९८३ मध्ये इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तिका शाबूत ठेवून लिथियमने काम होतं हे दाखवलं. आज आपण जे मिश्रण करतो, ते गिट्झ आणि शिस्टल यांनी सुधारलेलं.

सगळा खेळ पेगचा, म्हणजे डीएनए आत शिरायला मदत करणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा आहे. ३६० मायक्रोलिटरच्या मिश्रणात २४० मायक्रोलिटर एकटं ५० टक्क्यांचं पेग ३३५० असतं. ते मधासारखं घट्ट, त्यामुळे पिपेटचं बटण सावकाश सोडायचं, द्रावण टिपमध्ये वर चढेपर्यंत थांबायचं आणि टिपला बाहेरून चिकटलेलं पुसून घ्यायचं. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर पाणी उडून पेग दाट होतं. पेलेटवर, म्हणजे सेंट्रिफ्यूजने तळाशी बसवलेल्या पेशींवर, पाणी उरलं तर पातळ होतं. दोन्हीकडून कॉलन्या (एकेका पेशीपासून प्लेटवर वाढलेले ठिपके) घटतात. पेशींवर आधी पेग आणि मग १ मोलर लिथियम ॲसिटेट, हा क्रमही पाळावा. एवढं तीव्र लिथियम थेट पेशींवर पडलं तर त्यांना सोसत नाही.

कॅरिअर डीएनए (आपल्या डीएनएसोबत मदतीला घालायचा दुसरा डीएनए) ५ मिनिटं उकळून लगेच बर्फात ठेवायचा, नाहीतर सुटे झालेले धागे परत जुळतात. एकेरी धाग्यांनी कॉलन्या कितीतरी जास्त येतात, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. पेशी मात्र वाढीच्या भरात हव्यात. ताज्या माध्यमात दोनदा विभाजन होऊन मिलिलिटरला साधारण २ कोटी झाल्या की उचलायच्या. मग पूर्ण मिश्रण ४२ अंशांवर ४० मिनिटं. यीस्टच्या काही स्ट्रेनना (उपप्रकारांना) वेगळा वेळ मानवतो, तेवढं एकदा तपासून घ्यावं.

युरा-३ किंवा ल्यू-२ मार्कर (डीएनए घेतलेल्याच पेशींना ठरावीक पोषक नसलेल्या माध्यमात वाढू देणारं जनुक) असेल तर थेट प्लेटवर पसरता येतं. ३० अंशांवर दोन ते चार दिवसांत कॉलन्या दिसतात. जी४१८ या प्रतिजैविकाने निवड करायची असेल तर तसं चालत नाही. पेशींना आधी पोषक माध्यमात दोन-तीन तास सावरू द्यावं लागतं, तरीही पाठीमागे धूसर थर उगवतोच. त्यातल्या ठळक कॉलन्या नव्या प्लेटवर उतरवून घेते. जनुक काढताना दोन्ही टोकांना ४०-५० बेसचं साम्य पुरतं, हे यीस्टचं खरं वैभव! पण तुकडा कधीकधी भलत्याच जागी बसतो, त्यामुळे तुकडा गुणसूत्राला जिथे जुळतो त्या दोन्ही जोडांचं पीसीआर केल्याशिवाय मी ती कॉलनी पुढे नेत नाही. डीएनए न घातलेल्या पेशींची प्लेट दर वेळी लावतेच. ती रिकामी नसेल तर बाकीच्या कॉलन्या मोजण्यात अर्थ नाही.

एक तयार किटही वापरून पाहिलं. वेळ थोडा वाचला, पण कॉलन्या घरच्या द्रावणांपेक्षा जास्त आल्या नाहीत. घाई असेल तेव्हा ५ टक्के ग्लिसरॉल आणि १० टक्के डीएमएसओमध्ये गोठवलेल्या पेशी काढते. त्या थर्माकोलच्या डब्यात ठेवून उणे ८० अंशांवर हळूहळू गोठवाव्या लागतात. एका प्लाझ्मिडसाठी त्या उत्तम. लायब्ररी (हजारो वेगवेगळ्या डीएनए तुकड्यांचा संच) करायची असेल तर ताज्याच पेशी घ्या.