कॅलेंड्युलावरच्या भुरीसाठी ८० टक्के गंधक: वापरून काय कळतं

कॅलेंड्युलावर सर्वात हटकून येणारा रोग म्हणजे भुरी, म्हणजे पानांवर येणारी पिठासारखी पांढरी बुरशी, आणि घरच्या बागेत भुरीवर पहिलं औषध घ्यावं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधकच. भुकटी (डब्ल्यूपी) आणि दाणेदार (डब्ल्यूडीजी) असं दोन्ही रूपांत ते मिळतं. दाणेदारच घ्यावं. भुकटी मोजताना उडते, नाका-डोळ्यांत जाते आणि फवाऱ्याचं तोंड सारखं तुंबवते.

प्रमाण लिटरला २ ग्रॅम. पाकिटावर वेगळं दिलं असेल तर तेच पाळायचं. दाणे थेट पंपात टाकू नयेत. आधी वाटीभर पाण्यात कालवून, गाळून मग उरलेल्या पाण्यात ओतावेत. गंधक विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं आणि थोड्या वेळात तळाशी बसतं. म्हणून फवारताना पंप अधूनमधून हलवावा लागतो. तो हलवला नाही तर काही झाडांना नुसतं पाणी मिळतं आणि एखाद्याची पानं जादा औषधाने भाजतात.

या औषधाची खरी मर्यादा अशी की ते रोग थोपवतं, झालेला पुसत नाही. भुरी सुरू होते ती बहुधा खालच्या, दाटीतल्या पानांवर: पीठ सांडल्यासारखा एखादा गोल ठिपका. तेवढी पानं खुडून त्याच दिवशी फवारलं, तर वरची पानं स्वच्छ राहतात. अर्धं झाड पांढरं झाल्यावर फवारून निराश होण्यात औषधाचा दोष नाही. पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे, आणि नवी पानं उघडी पडत असल्याने १० दिवसांनी पुन्हा फवारणी लागते.

फवारणीनंतर पानांवर पांढुरके डाग राहतात आणि रोग वाढला असं वाटून लोक लगेच दुसरा हात मारतात. दहापट भिंगातून पाहा. भुरी असेल तर बारीक धागे आणि मण्यांच्या माळांसारखे उभे बीजाणू दिसतात. गंधकाचे डाग म्हणजे वाळलेल्या थेंबांच्या कडा असतात.

तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर जाणार असेल तर फवारू नये, पानांच्या कडा करपतात. नीमतेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. ही चूक सर्वात जास्त होते आणि झाडाला सर्वात महागात पडते. पाकळ्या खाण्यासाठी किंवा मलमासाठी लागत असतील तर आधी उमललेली फुलं तोडून घ्यावीत आणि नंतरची फुलं पाकिटावरचा थांबण्याचा काळ संपल्यावरच वापरावीत.

बाकी रोगांवर गंधकाकडून फार अपेक्षा नको. सर्कोस्पोरा या बुरशीचे तपकिरी ठिपके पसरले तर डागाळलेली पानं काढणं आणि पाणी वरून न देता बुंध्याशी देणं जास्त उपयोगी. बुंधा मऊ पडून झाड कोलमडलं तर ती मूळकूज, तिथे निचरा सुधारावा लागतो. फुलं हिरवी, वेडीवाकडी येत असतील आणि शेंड्याला पिवळ्या फुटव्यांचा झुपका झाला असेल, तर तो तुडतुड्यांनी (रस शोषणाऱ्या किड्यांनी) आणलेला फायटोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूसारखा एक सूक्ष्म जीव. त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटून टाकायचं.

आणि दाटी. दोन झाडांत २५ ते ३० सेंटिमीटर मोकळं ठेवलं तर हवा खेळते आणि फवारण्या कमी लागतात. दाट लावलेल्या वाफ्यात हेच गंधक निम्मंही काम करत नाही, कारण आतल्या पानांपर्यंत ते पोचतच नाही.

कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवावं. काम झाल्यावर पंप दोनदा धुवावा, गंधकाने धातूचे भाग गंजतात. फवारताना चष्मा आणि मास्क हवाच. डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं.