हरभट रोडमागचं खेळाच्या सामानाचं दुकान : जर्सी एक नंबर, तारखेचा भरवसा नाही

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात, भांड्यांच्या दुकानाला लागून एक जेमतेम दहा फुटी गाळा आहे. पाटी उन्हानं इतकी विटलीये की नाव वाचता येत नाही. बाहेर जाळीत टांगलेले बॉल दिसले की समजायचं, हेच. आमच्या कॉलनीतल्या पोरापोरींच्या फुटबॉल टीमला किट घ्यायचं होतं. माझी लेक त्यात गोलकीपर, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

याआधी एका मोठ्या शोरूमला विचारून आले होते. तिथला पहिला प्रश्न, "बार्सिलोना पाहिजे का मँचेस्टर?" इथल्या काकांनी विचारलं, "टीम कुठली तुमची?" मी कॉलनीचं नाव सांगितलं. "मग छातीवर तेच टाकू की," म्हणाले आणि वहीत लिहूनही घेतलं. तिथंच माझं मन बसलं.

याचं कारण माझं माहेर. कोल्हापूर, मंगळवार पेठ. आमच्याकडे आधी तालीम, मग खेळाडू. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. जिथं पैलवान घुमायचे, त्याच तालमींनी पुढं फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. गणपती तालीमच बसवते, मोहरमचा पंजाही कित्येक तालमींत बसतो, आणि शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की तीच मंडळी ढोल घेऊन गॅलरीत. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मॅच असली की आमच्या घरी दुपारची जेवणं लवकर उरकायची, मग स्वयंपाकघरात कोणी सापडायचं नाही. लग्नानंतर यांना पहिल्यांदा मॅचला नेलं तेव्हा भावानं रिक्षातच बजावलं होतं, "दाजी, कुठल्या बाजूला बसायचं ते मी सांगतो. मधेच उठून टाळ्या वाजवू नका." सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये २०१७ साली अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा तर अख्खं कोल्हापूर त्याला आपल्याच गल्लीतला म्हणत होतं.

सांगलीचं तसं नाही. हे विजय हजारेंचं गाव, स्मृती मानधना इथंच वाढली. पोरांच्या हातात आधी बॅट येते. फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा मेस्सी, आणि पाठीवर दहा नंबर. टीममधल्या अर्ध्या पोरांना अर्जेंटिनाचीच जर्सी हवी होती. दुकानात त्यांचा गठ्ठा पडलाय, स्वस्तातही देतात. पण आमच्यातल्या एका चाणाक्ष पोरानं उचलून बघितली आणि म्हणाला, "ओ काका, ह्याच्यावर दोनच स्टार हायत." वर्ल्डकप जिंकला की एक स्टार, तसे हे १९७८ आणि १९८६ चे. २०२२ चा तिसरा नाही, म्हणजे माल कतारच्या फायनलआधीचा. काका हसले. "म्हणून तर दोनशेला देतोय." हा प्रामाणिकपणा मला आवडला, पण घेणाऱ्यानं स्टार मोजूनच घ्यावी.

आता आमच्या जर्सीबद्दल. त्यांनी सब्लिमेशन करून दिली. कागदावर छापलेली डिझाईन गरम प्रेसखाली दाबतात, तेव्हा शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यातच शिरते. त्यामुळे धुऊन सोलत नाही, घामानं चिकटत नाही. मोठ्या दुकानात चिकटवलेले नंबर असतात, ते चार धुण्यांनंतर कडेनं उचकटायला लागतात. काकांनी आधीच सांगितलं, सुती कापडावर हे जमणार नाही आणि रंग पांढऱ्या पॉलिस्टरवरच खुलतो. डिझाईन त्यांच्या पुतण्यानं कॉम्प्युटरवर आमच्यासमोर बसून केली. छातीवर कॉलनीचं नाव मोठं, पाठीवर पोरांची आडनावं बारीक. एका पोरानं हट्ट धरला की आडनावाऐवजी मेस्सी लिहा. पुतण्या म्हणाला, "अरे, मेस्सीला सांगलीत कोण वळखतंय, तुझंच टाक की." पोरगं लाजलं, पण ऐकलं. शर्ट-चड्डीचा सेट छापण्यासकट साडेचारशेला पडला. आमच्या घरातल्या वॉशिंग मशीननं त्याच्यावर सगळे प्रयोग करून झालेत, रंग आहे तसा आहे.

बॉल घेताना काकांनी विचारलं, "मैदान कसलं?" मुरमाचं, म्हटल्यावर शिवणीचा महागडा बॉल त्यांनी परत जाळीत टाकला. मुरमावर त्याचं वरचं कातडं खरवडतं आणि शिवण उसवते, म्हणाले, त्यापेक्षा मोल्डेड रबराचा घ्या. कमी नफ्याचा माल स्वतःहून पुढं करणारा दुकानदार या बाजारात मी तरी फार पाहिलेला नाही. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅममध्ये बसायला पाहिजे, म्हणून त्यांनी वाण्यासारखा काट्यावर टाकून दाखवला. आठ ते बारा वयाच्या पोरांना चार नंबरच द्या, हेही सांगितलं. हवा भरताना सुई कोरडी घालू नका, ग्लिसरीनचा थेंब लावा, नाहीतर वॉल्व्ह फाटतो. हे वाक्य त्यांनी प्रत्येक पोराकडून म्हणवून घेतलं.

शूजच्या बाबतीत मात्र निराशा. लेकीच्या पायाला तीन नंबर लागतो. त्या मापात होते ते सगळे लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट असलेले, गवतासाठीचे. मुरमावर ते घालून खेळलं तर तळवे सोलवटतात. बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज लागतात, ते सहा नंबरापासून पुढंच. "पोरी कुठं खेळतात ताई," असं काकांनी म्हटल्यावर मी लेकीला पुढं ढकललं. ते वरमले, मागवून देतो म्हणाले, आणि अजून मागवतायत. शेवटी शूज दुसरीकडून घेतले. ग्लोव्हज मात्र तिच्या मापाचे मिळाले, बरे आहेत. तळहाताकडचं लेटेक्सचं रबर मुरमावर घासून जातंच, म्हणून मॅचनंतर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे, उन्हात नाही.

आणि आता खरं दुखणं. तारीख. गणपतीच्या आधी आठवडाभर देतो म्हणाले होते. पण त्याच काळात गावातल्या प्रत्येक मंडळाचे टीशर्ट त्याच प्रेसवर चढलेले. फोन केला की "उद्या नक्की." उद्याला परत उद्या. आमची मॅच झाली जुन्या रंगीबेरंगी शर्टांवर, आणि जर्सी आल्या विसर्जनानंतर. वर एकाचं 'पाटील' 'पाटिल' छापून आलं. ते लगेच, पैसे न घेता बदलून दिलं, पण मॅच हुकलीच. पोरांनी तोंडं पाडली होती. माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडं असं झालं असतं तर तालमीची पोरं दुकानात जाऊन बसली असती." तो फुशारकी मारत नव्हता.

तरी पुढच्या सीझनचं किट इथूनच करणार. ऑर्डर जूनमध्येच देईन, आणि अर्धे पैसे माल हातात आल्यावर. तुम्हीही तसंच करा. सोमवारी बंद असतं, यूपीआय चालतं, गाडी बोळात घालू नका, वळवता येत नाही. पुतण्या संध्याकाळीच असतो, आणि डिझाईन त्याच्याकडूनच करून घ्या, काकांना फक्त लाल रंग आवडतो.