४८ तासांची हमी

मांजराचं पिल्लू विकणारा "४८ तासांची हेल्थ गॅरंटी" म्हणाला, तर ती गॅरंटी त्याच्या सोयीची असते, हे आधीच धरून चला. पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या आजारांत पॅनल्युकोपेनिया (विषाणूमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात तो आजार) फार वाईट. बरेच जण त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण २ ते १० दिवस लागतात. म्हणजे लागण विकणाऱ्याच्या घरी होते आणि पिल्लू आजारी पडतं तुमच्या घरी, तोवर हमीची मुदत टळून गेलेली असते. आम्हाला याच हिशेबात गाठलं.

जाहिरातीत काही कमी नव्हतं. वय दोन महिने, पहिली लस झालेली, जंताचं औषध दिलेलं, ट्रेची सवय लागलेली. सोबत एक व्हिडिओ, त्यात पिल्लू दोरीमागे उड्या मारतंय. घरी येऊन बघते म्हटलं, तर "घरात आजारी माणूस आहे ताई, मीच बाहेर आणून देतो." आई आणि बाकीची भावंडं नजरेला पडली असती तर सौदा तिथेच मोडला असता, म्हणून हा प्रेमळपणा.

पिल्लू टॉवेलात गुंडाळूनच आलं. अंगाला पावडरचा वास, कानांमागची लव अजून ओलसर. "तुमच्यासाठी खास आंघोळ घालून आणलंय!" एवढ्याशा जिवाला विकायच्या दिवशी आंघोळ घालतात ती कौतुकापोटी नाही. शेपटीखाली चिकटलेली जुलाबाची घाण, केसांत मिरपुडीसारखी दिसणारी पिसवांची विष्ठा, डोळ्यांतली चिपडं, सगळं एका आंघोळीत निघून जातं. वर पिल्लू गारठतं ते वेगळंच. ते त्याच्या हातावर हूं की चूं न करता पडून होतं. "शांत स्वभावाचं आहे." निरोगी पिल्लू अनोळखी हातात गेलं की धडपडतं, ओरडतं, फिस्कारतं, निसटायला बघतं. हातावर निपचित पडून राहणं हा कुठल्याच पिल्लाचा स्वभाव नसतो.

चिंगीने (हे आम्ही ठेवलेलं नाव) पहिल्या संध्याकाळी थोडं खाल्लं आणि मग तोंड फिरवलं. फोन केला. तेव्हा जे वाक्य ऐकलं ते नीट लक्षात ठेवा, कारण सगळी फसवणूक त्यावर उभी आहे: "घर बदललं की दोन दिवस खात नाहीत. सगळ्यांचं असंच असतं. डॉक्टरकडे नेऊन उगाच घाबरवू नका, झोपू द्या."

हे वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच पटतं. नव्या घरात पिल्लू घाबरतं, कमी खातं. पण घाबरलेलं पिल्लू कपाटामागे दडतं, डोळे टक्क उघडे, कान प्रत्येक आवाजाकडे वळलेले, आणि रात्री सगळे झोपले की गुपचूप येऊन वाटी चाटूनपुसून जातं. आजारी पिल्लू खोलीच्या मध्यभागीही बसून राहतं, भांडं पडलं तरी मान वळवत नाही. शिवाय जेमतेम दोन महिन्यांच्या किंवा त्याहून लहान पिल्लाला दोन दिवस वाट बघणं परवडतच नाही. त्याच्या अंगात साठा असा नसतोच, रक्तातली साखर झपाट्याने उतरते. बारा तास पोटात काही गेलं नाही की डॉक्टर गाठायचा. सोबत उलटी किंवा जुलाब असतील तर तेवढंही थांबायचं नाही.

चिंगी पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसायची. पाठ कुबडी काढल्यासारखी, पंजे अंगाखाली ओढलेले, हनुवटी वाटीच्या अगदी काठावर. नाक पाण्यापासून बोटभर अंतरावर, पण जीभ बाहेर येत नव्हती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा निम्म्या बुबुळापर्यंत आलेला. मग पिवळट फेसाची उलटी. व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "पाण्याजवळ बसलीय म्हणजे तहान आहे, तब्येत चांगली आहे." पुढे मी डॉक्टरांना तोच व्हिडिओ दाखवला, तर त्या पाण्याची वाटी बघूनच म्हणाल्या, पहिली टेस्ट पार्व्होची करू. मळमळ आणि तहान एकाच वेळी असली की पिल्लं अशी बसतात.

त्या आधी त्याने "आमच्या डॉक्टरांचा" नंबर दिला होता. पलीकडच्या गृहस्थांनी पिल्लू न बघताच लहान मुलांचं तापाचं सिरप द्यायला सांगितलं. ते आम्ही दिलं नाही, पण असा सल्ला सर्रास दिला जातो म्हणून स्पष्टच लिहिते: पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. त्याचा निचरा करायची सोय मांजराच्या यकृतात जवळपास नसते. तांबड्या पेशी निकामी होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, श्वास लागतो. पिल्लाला थोड्याशा औषधानेही जीव गमवावा लागतो. फोनवरून औषध सांगणारा हा खरंच डॉक्टर होता की त्याचाच मित्र, देव जाणे.

दवाखान्यात जे काही मिनिटांत कळलं ते जाहिरातीतल्या प्रत्येक ओळीच्या विरुद्ध होतं. डॉक्टरांनी ओठ वर केला, हिरडी बोटाने दाबली. गुलाबी रंग परतायला वेळ लागत होता आणि हिरडी ओलसर असण्याऐवजी चिकट होती, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. ताप ४०.३. पिल्लाचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ सेल्सियसच्या दरम्यान असायला हवं. मग त्यांनी जबडा उघडून मागचे दात बघितले. मांजराचे दुधाचे २६ दात आठव्या आठवड्याच्या सुमाराला पुरते आलेले असतात. इथे दाढा नुकत्या टोक काढत होत्या. वजन पाचशे ग्रॅमच्याही आत, दोन महिन्यांचं पिल्लू ८००-९०० ग्रॅमच्या आसपास भरतं. डोळ्यांचा रंगही अजून बाळनिळाच. "हे पाच आठवड्यांचं असेल फार तर," त्या म्हणाल्या.

आता लसीचं कार्ड बघा. कार्डावरच्या तारखेला चिंगी जेमतेम दोन आठवड्यांची ठरत होती. ही लस सहसा ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करतात आणि पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा देतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. खऱ्या कार्डात कुपीवरचं लेबल काढून चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, बाजूला डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आमच्या कार्डावर पेनाने "फर्स्ट डोस डन" आणि एक गिचमिड. कार्ड मात्र गुळगुळीत, रंगीत, पंजाचं चित्र छापलेलं. अशी कोरी कार्डं गठ्ठ्याने मिळतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आली, रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच. या विषाणूवर थेट मारा करणारं हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, ऊब, आणि पिल्लाचं शरीर स्वतः लढेल अशी वाट. पहिल्या संध्याकाळी खाल्लं ते कसं, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या की द्यायच्या आधी सलाईन किंवा स्टेरॉईड टोचलं असेल तर एखादा दिवस तरतरी येते, पण ते सिद्ध करता येणार नाही. चिंगीचा ताप उतरला तेव्हा आम्हाला बरं वाटलं, त्यांना नाही. तापमान ३७ च्या खाली गेलं होतं. ती त्याच रात्री गेली.

विकणाऱ्याने आधी "हमी संपली" म्हटलं, मग "तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं असेल", आणि रिपोर्टचा फोटो गेल्यावर एकदम मवाळ होऊन, "जाऊ दे ताई, दुसरं पिल्लू देतो, फुकट." मला विचाराल तर हा पहिल्याहून मोठा डाव. पार्व्होचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो, फरशीच्या फटीत, ट्रेमध्ये, अंथरुणात. लसीचे डोस पुरे न झालेलं दुसरं पिल्लू अशा घरात आणलं की तेही जायचं, आणि तेव्हा विकणारा छाती पुढे काढून सांगणार, "बघा, दोष तुमच्या घरातच आहे." अल्कोहोलच्या सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. घाण पुसून काढल्यावर एक भाग साधं ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. फिनाईलच्या वाटेला जाऊ नका, फिनॉल मांजरांना बाधतं. जे धुता येत नाही ते फेकून द्या, आम्ही टोपली आणि गादी फेकली.

पैसे परत मिळाले नाहीत. पण तारखेसकट दवाखान्याची कागदपत्रं, सगळे मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवली, आणि ती तक्रारीला जोडली आहे. हे आजारी पिल्लू हातात असतानाच गोळा करायचं. नंतर समोरचा मेसेज पुसून टाकतो, आमच्याकडच्या बऱ्याच ओळी आता "डिलीट केलेला मेसेज" म्हणून दिसतात. जाहिरातीतला व्हिडिओही मी पुन्हा बघितला. त्यातल्या पिल्लाच्या डाव्या कानावर काळा ठिपका आहे, चिंगीचे दोन्ही कान पांढरे होते. म्हणून व्हिडिओ मागायचा तर आजचा मागा, तुम्ही सांगाल ती वस्तू शेजारी ठेवून, आणि पिल्लू खाताना दाखव म्हणा. खरा पाळणारा हसतो आणि पाठवतो. आमच्या माणसाला मी असं नंतर दुसऱ्या नंबरवरून विचारलं, तर त्याने तो नंबरच ब्लॉक केला.

त्याच्या जाहिरातीखाली एका बाईंनी खूश होऊन फोटो टाकला होता, चिंगीच्याच वेतातलं पिल्लू. त्यांना फोन केला. त्यांचं पिल्लूही सकाळपासून खात नव्हतं, आणि त्यांनाही "घर बदललंय, दोन दिवस थांबा" हेच ऐकवलं होतं. त्यांनी पिल्लाला उबदार कापडात घेतलं, दवाखान्याला वाटेतूनच कळवलं की पार्व्होचा संशय आहे, म्हणजे बाकीच्या मांजरांच्या रांगेत बसावं लागलं नाही. पिल्लू अगदीच गळून गेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं बोटाने थोडं साखरेचं पाणी हिरडीला चोळलं. तोंडात ओतलं नाही, श्वासनलिकेत गेलं असतं. ते पिल्लू वाचलं. बरं झालं तरी काही आठवडे त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहू शकतो, म्हणून सध्या त्याची खोली, ट्रे आणि वाट्या घरातल्या मोठ्या मांजरापासून वेगळ्या आहेत, आणि त्या मोठ्या मांजराची राहिलेली लस त्यांनी आधी उरकून घेतली.